शिव्या वाचून गेम घेणारे घाटोळे काका

आमचे घरमालक घाटोळे काका कोणताही व्हिडिओ गेम घेण्याआधी त्याला लोकांनी दिलेल्या शिव्या वाचतात. शिव्या कमी असल्या तर घेत नाहीत.

हे मी रंगवून सांगत नाही. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत मी राहायला आलो, त्याच दिवशी हे डोळ्यांनी पाहिलं. मी खाप्याचा. बाबा खापा ते सावनेर काळीपिवळी चालवतात. कॉलेजात पोचलेला घरातला मी पहिलाच, त्यामुळे नागपुरात कोणाशी काय बोलावं याची मला तेव्हा फार धास्ती होती. किल्ली मागायला खाली गेलो तर बैठकीत साठी उलटलेले एक गृहस्थ बनियनवर कंप्युटरसमोर बसले होते. समोर काकू मेथी निवडत होत्या. लोकांनी इंग्रजीत लिहिलेलं काका त्यांना नागपुरीत करून ऐकवत होते.

"ऐक वं, हा लिहिते का या गेममधला घोडा फक्त मागं चालते. राजाले लढाईले जायचं असलं तं शत्रूकडं पाठ करून बसावं लागते."

"मंग घेऊन टाका," काकू मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्याचसाठी बनवला दिसते."

"अजून ऐक न. म्हणते, 'माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट अनुभव.'" पंगतीत जिलबी आपल्या पानाकडे येताना दिसावी तसे काका खुलले. "सगळ्यात वाईट, वं!"

मी दारातच उभा होतो. एवढ्या आनंदात किल्ली कशी मागावी, हे मला कळेना.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. तिथूनच रिटायर झाले. त्यांच्या या आवडीचं मूळ तिथंच असावं असं मला वाटतं, कारण एकदा तेच म्हणाले, "निलेश, सारी नोकरी अशा स्क्रीनसमोर काढली गा, जिथं काही झालं का मुसीबत. काटा जरा हलला का फोन, फोन झाला का मेमो. आता इथं बस आभाळात उडते, हिरो भिंतीत घुसते, अन् कोणालेच मेमो मिळत नाही. किती बरं वाटते!"

नावाजलेले गेम त्यांना चालत नाहीत. एका मित्राकडून मी एक गाजलेला गेम मागून आणला होता. काका तो थोडा खेळले आणि चष्मा काढून ठेवला. "सगळं कसं जागच्या जागी आहे. शहरातला पाहुणा आल्यासारखं वाटते गा. त्याच्यासमोर आपल्यालेच सरळ बसावं लागते." याउलट एखाद्या गेममधल्या बाईच्या डोक्यावरचे केस तिच्याआधी खोलीत शिरले, की काका मांडीवर थाप मारून ओरडतात, "वा! बेकार आहे!" त्यांच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नाही. आणि हा गेम बनवला कोणी, असं मी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "ज्यानं बनवला त्यानं जीव लावला. डोकं नाही लावलं. पण जीव लावला."

एक गुप्तहेराचा गेम होता. त्यातले प्रसंग बनवणाऱ्यांकडून मागेपुढे झाले होते, त्यामुळे खुनी पहिल्याच प्रसंगात रडत रडत गुन्हा कबूल करायचा. सगळ्या जगानं तो गेम तिथंच बंद केला. काकांनी मात्र पुढं आठवडाभर गावातल्या प्रत्येकाची चौकशी केली. मी म्हटलं, "काका, खुनी कोण ते तर माहीत आहे."

"माहीत आहे गा. पण बाकीचे कवापासून जबानी द्यायले उभे आहेत. न विचारणं बरं दिसते काय?"

त्या उलट्या घोड्याच्या गेमचं तर पुढं दुःखच झालं. कंपनीनं चूक दुरुस्त केली. एका सकाळी काकांनी गेम सुरू केला आणि घोडा सरळ चालायला लागला. काका सुन्न. "सुधारला साला," ते हळूच म्हणाले, जसा काही पानठेल्यावरचा जुना सोबती कीर्तनाला लागला होता. तेव्हापासून आवडता गेम लावायच्या आधी ते भिंतीवरच्या डबीतून इंटरनेटची वायरच उपटून ठेवतात, म्हणजे सुधारणा घरात शिरायला नको. मग काकूंचं मोबाईलवरचं भजन मध्येच थांबतं आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, देवाले तरी येऊ द्या!"

काकांची ही नजर फक्त गेमपुरती असती तर बरं झालं असतं. समोर नवी अपार्टमेंट झाली आहे. तिथल्या लोकांनी एका तान्ह्या पोळ्याला काकांना परीक्षक म्हणून बोलावलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं लाकडी बैल सजवून, ओढत ओढत दारोदार नेतात, आणि घरोघरची माणसं त्यांच्या हातावर खाऊ, पैसे असा बोजारा ठेवतात. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये त्या दिवशी चांदीच्या घुंगरांचे, दिव्यांच्या माळांचे बैल आले होते. एकाचं तर डोकं बॅटरीवर हलत होतं. काकांनी पहिला नंबर तीन पायांच्या बैलाला दिला. चौथ्या पायाच्या जागी त्या पोरानं मक्याचं कणीस बांधलं होतं.

"कणसाचं सुचलं कसं त्या पोराले!" काका माईकवर म्हणाले.

बॅटरीवाल्या बैलाची आई माईकशिवायच पुष्कळ बोलली. त्यानंतर काकांना कोणी बोलावलं नाही. पोळा आता पार्किंगमध्येच सुरू होतो आणि तिथंच संपतो. रस्ता ओलांडून पोरं इकडं येत नाहीत. काकू तरी दरवर्षी ताट भरतात, आणि काका ते घेऊन फाटकाशी उभे राहतात. एखादं पोरगं चुकून आलंच तर फाटकाच्या वरूनच हात पुढं करतं, "थँक्यू अंकल" म्हणतं आणि पळतं. उरलेले लाडू मग पुढचे किती तरी दिवस माझ्या खोलीत वर येतात. काका-काकूंना मूलबाळ नाही. हे मला कोणी सांगितलं नाही. घरात शाळेच्या गणवेशातला एकही फोटो नाही, त्यावरून मी समजलो.

शेवटच्या वर्षाला मला प्रोजेक्ट करायचा होता. बाकीच्यांनी हॉस्पिटलची, लायब्ररीची सॉफ्टवेअरं घेतली. मी धाडस करून गेम घेतला, तान्ह्या पोळ्याचा. खाप्याच्या आमच्या गल्लीसारखी गल्ली, पोरं बैल ओढत दारोदार जातात, दार उघडतं, बोजारा मिळतो, पोरगं पुढच्या दाराला. बाबांनी काळीपिवळीतल्या सगळ्या सवाऱ्यांना सांगून टाकलं होतं, "पोरानं कंप्युटरचा खेळ बनवला." त्यामुळे प्रोजेक्ट अडकला तर मी नापास होईन एवढंच नव्हतं. सावनेर रस्त्यावर बाबांनाही उत्तरं द्यावी लागली असती.

काकांना कळलं आणि ते म्हणाले, "आण गा, खेळून पाहतो."

जगानं थुंकून टाकलेले गेम छातीशी धरणारा हा माणूस. त्यांना माझा गेम आवडला तर माझं काय होणार? ते खेळायला बसले आणि मी वर गच्चीवर जाऊन "वा! बेकार आहे!" या आरोळीची वाट पाहत राहिलो. आरोळी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर खालून नुसती शांतता. एकदा जिन्यातून डोकावलो तर काकूही कंप्युटरसमोर खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर मेथीची जुडी तशीच. काकू काकांना रागावत असतील, असं मला वाटलं.

शेवटी धीर करून विचारलं, "काका, काही चूक दिसली?"

"चूक?" काकांनी थोडा विचार केला. "नाही गा. सगळं बरोबर आहे."

एवढ्या मोठ्या जाणकाराला एकही चूक सापडली नाही! मी ताठ मानेनं कॉलेजात गेलो.

लॅबमध्ये प्रोजेक्ट बघणाऱ्या मॅडमसमोर गेम लावला. पहिली दारं झकास झाली. मॅडम म्हणाल्या, "शेवटपर्यंत ने." मी स्वतः कधी शेवटच्या घरापर्यंत गेलोच नव्हतो. सुरुवातीची चार दारं नीट चालली की खूश होऊन बंद करायचो. पोरं शेवटच्या घरी पोचली. दारात ताट घेऊन म्हातारा उभा होता. पोरं थांबली. मागून आणखी आली, तीही थांबली. अंगण भरलं, फाटक भरलं, बैलावर बैल चढले, आणि त्या गर्दीत कंप्युटर बंद पडला.

मागून कोणी तरी म्हणालं, "अबे निलेश, हे पोट्टे जाऊन काहून नाही राहिले? जेवूनच जातील काय?" लॅब खदखदली.

चूक काय होती ते मला तिथंच समजलं. बोजारा हातावर पडल्याशिवाय पोरानं दार सोडायचं नाही, हा आमच्या खाप्याचा नियम मी गेममध्ये घातला होता. आणि शेवटच्या म्हाताऱ्याच्या ताटात काही ठेवायचंच विसरलो होतो.

मॅडम म्हणाल्या, "सोमवारी बाहेरचे परीक्षक येतील. हे असंच राहिलं तर मी काही करू शकणार नाही."

मी तरातरा घरी आलो. काकांशी आवाज चढवून बोलायची ती माझी पहिलीच वेळ. "काका, शेवटच्या घराचं तुम्हाला माहीत होतं?"

"होतं गा."

"मग तुम्ही चूक नाही म्हणाले!"

"नव्हतीच न." काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बनियनच्या टोकानं चष्मा पुसत राहिले. "दारात आलेलं पोरगं दारात थांबलं. यात चूक काय झाली?"

आत काकूंची कढई थांबली होती.

मी वर गेलो आणि म्हाताऱ्याच्या ताटात लाडू ठेवले. एका ओळीचं काम होतं. सोमवारी पोरं शेवटच्या घरी आली, लाडू घेतले आणि भराभर निघून गेली. अंगण रिकामं झालं. परीक्षकांनी विचारलं, "हा म्हातारा कोण?" मी गडबडून "आमचे घरमालक, सर" म्हणालो. ते हसले आणि मी पास झालो. बाबांना फोन केला तेव्हा त्यांनी गाडी बाजूला लावून सवाऱ्यांना माझं बोलणं ऐकवलं.

संध्याकाळी दुरुस्त केलेला गेम पेन ड्राइव्हवर घेऊन मी खाली गेलो. रागावलो होतो त्याची भरपाई म्हणून काकांच्या कंप्युटरवर नवा टाकून देणार होतो.

"पास झाला न? शाब्बास," काका म्हणाले. "हे तुझ्या मॅडमले दे. आमच्याकडं आहे तोच राहू दे."

भिंतीकडे पाहिलं तर इंटरनेटची वायर उपटून, गुंडाळून खिळ्याला टांगलेली. माझा गेम इंटरनेटवर कुठंच नव्हता. तो आपोआप सुधारणं शक्यच नव्हतं. तरीही.

स्क्रीनवर शेवटचं घर लागलं होतं. अंगणात पोरंच पोरं आणि मध्ये रिकामं ताट घेतलेला म्हातारा. काकांचा कंप्युटर लॅबमधल्यापेक्षा दमदार, तो बंद पडत नव्हता. फाटकातून एक एक पोरगं आत येत होतं आणि उभं राहत होतं.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. खुर्ची ओढली. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "निलेश, एक काम होईल काय बाबू?"

"सांगा न काकू."

"कवाची उभी आहेत बिचारी. बसायले काही टाकता येईल काय? एखादी सतरंजी?"

रविवारी मी त्या अंगणात निळी सतरंजी अंथरली. मला पोरांना बसवायचं नीट जमलं नाही, हे कबूल करतो. सतरंजीवर पाय ठेवताच प्रत्येक पोरगं कमरेपर्यंत जमिनीत जायचं आणि तिथंच अडकायचं. वर फक्त धड आणि हातातली बैलाची दोरी. मी घाबरून काकांकडे पाहिलं.

"वा!" काकांनी मांडीवर थाप मारली. "बेकार आहे! अर्धे पोट्टे जमिनीत गेले, वं!"

काकूंनी चष्मा वर सरकवला, पुढं वाकून अंगणभर नीट बघितलं आणि खुर्चीला पाठ टेकली.

"बसली एकदाची," त्या म्हणाल्या.