मागच्या सीटवरचे गृहस्थ

११ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. गाडीत माणसे दोन होती. गाडीच्या मते तीन.

चालकाच्या जागेवर मायक्रॉन बसले होते. यंत्रांच्या कारखान्यात त्यांची सारी नोकरी मापे तपासण्यात गेली. केसाच्या विसाव्या भागाइतकी चूक दिसली तरी ते माल परत पाठवीत, म्हणून कामगारांनी त्यांना हे नाव ठेवले आणि पुढे ते घरीदारी रुळले. शेजारी त्यांची पत्नी मान वळवून खिडकीबाहेर पाहत होती. डिकीत तिची बॅग होती. ती बहिणीकडे निघाली होती आणि परत कधी येणार असे विचारल्यावर तिने “बघू” एवढेच म्हटले होते. तिच्या तोंडचा ‘बघू’ म्हणजे बहुधा ‘नाही’ असतो, हे मायक्रॉनना अनुभवाने ठाऊक होते.

निवृत्त झाल्यापासून त्यांनी घराची तपासणी हाती घेतली होती. पडद्यांच्या चुण्या, डब्यांची झाकणे, तिच्या फोनवरच्या गप्पांची लांबी, काहीच त्यांच्या पट्टीतून सुटत नव्हते. तेही तिने सोसले. पण गेल्या आठवड्यात मेहुण्याच्या मध्यस्थीने त्यांनी ही लांबलचक, काळीभोर, चामड्याच्या सीटांची जुनी परदेशी गाडी तिला न विचारता दारात आणून उभी केली, आणि कडेलोट झाला.

टिंग. टिंग. टिंग.

समोरच्या पडद्यावर लाल अक्षरे उमटली : मागील डावी सीट, पट्टा लावलेला नाही.

“मागे काय ठेवलंयस?”

“काही नाही. पर्स माझ्या मांडीवर आहे. हवी तर तीही मोजा.”

मायक्रॉननी गाडी कडेला घेतली आणि मागचे दार उघडले. सीट रिकामी होती. त्यांनी तळहात टेकवला. सीट कोमट होती, नुकतेच कोणी उठून गेल्यावर असते तशी. उरलेल्या दोन्ही जागा गार होत्या. “ऊन लागलं असेल,” ते म्हणाले. आभाळ सकाळपासून भरलेले होते. शेवटी त्यांनी रिकाम्या सीटचा पट्टा ओढून खटकन लावला. घंटी थांबली.

“कुणाला बांधलंत?” पत्नीने विचारले.

“कुणाला नाही. सेन्सरची समजूत घातली.”

शहर मागे पडले आणि अबोलाही संपला. सुरुवात तिने केली, जोर त्यांनी लावला.

“एवढी मोठी वस्तू घेताना मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस!”

“म्हणजे माझं उत्तर ठाऊक होतं, तरी घेतलीत! वर तोंड करून सांगताय!”

“आवाज खाली!”

“नाही करणार खाली! माझा आवाजही आता पट्टीने...”

खट्.

मागे पट्टा आपोआप सुटला. झर्रकन मागे उडाला नाही. कोणी हातात धरून सावकाश सोडावा तसा सरकत सरकत जाग्यावर गेला. घंटी सुरू झाली.

“अहो,” पत्नी कुजबुजली, “ते उतरताहेत वाटतं.”

“कोण ते?”

“मला काय माहीत कोण! पण आपलं ऐकून कंटाळलेत एवढं नक्की. शोभतं का हे परक्या माणसासमोर?”

हा घाव वर्मी लागला. लग्नापासून त्या घराचा एकच नियम कधी मोडला नव्हता : तिसऱ्या माणसासमोर भांडायचे नाही. पाहुणे दारात दिसले की शब्द अर्धवट तोडून दोघे हसतमुखाने पुढे होत. मायक्रॉन खाली उतरले आणि त्यांनी पट्टा पुन्हा लावला. लावताना त्यांच्या हातांना एक गोष्ट जाणवली, ती त्यांनी पत्नीला सांगितली नाही. रिकाम्या सीटला लागावा त्यापेक्षा पट्टा वीतभर जास्त लागला होता.

बहिणीचे फाटक आले. पत्नी उतरेना.

“पोचलो,” मायक्रॉन म्हणाले.

“दिसतंय मला. मी उतरले की परत जाताना तुम्ही आणि हे, दोघंच?”

“मग?”

“मग काय मग? वळवा गाडी.”

दुसऱ्या दिवसापासून मायक्रॉननी तपासणी मांडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे स्थिर ठेवायचे, ही त्यांची कारखान्यातली पद्धत होती. सीट पुसून पाहिली, गाडी सावलीत ठेवून पाहिली, बॅटरी काढून पुन्हा जोडली. मागचे गृहस्थ हलले नाहीत. मग एकच घटक उरला.

“भांडण पहिलं,” गाडी रिकाम्या रस्त्यावर आणून ते म्हणाले. “विषय तुझा भाऊ. आवाज मध्यम. मी सुरुवात करतो. तुझा भाऊ अगदी बिनकामाचा आहे.”

“ते तर आहेच. पुढे?”

“अगं, विरोध करायचा!”

“खऱ्याला काय विरोध करू?”

“असं कसं भांडण होईल? तू जरा चढ्या आवाजात...”

“आता मला भांडायलाही तुम्ही शिकवणार? तेवढं एक तरी मला धड येतं असं समजत होते मी!”

खट्.

पट्टा सुटला. खोट्या भांडणाला मागच्यांनी दाद दिली नव्हती. खरे मात्र पहिल्या वाक्याला ओळखले होते.

मायक्रॉननी मेहुण्याला बोलावून घेतले. तो अंगाने आडवातिडवा आणि बोलायला दांडगा.

“भाऊजी, तुम्ही शिकलेली माणसं असून कसले भुताखेतांचे विषय काढता! हा बघा, बसलो.” तो मागे उजवीकडे बसला आणि गाडी वळणापर्यंत गेली. पडद्यावर डावीकडचा प्रवासी तसाच होता. उजवीकडे कोणीच नव्हते. एवढा मोठा मेहुणा गाडीच्या खिजगणतीत नव्हता. थोड्याच वेळात डावीकडची काच आतून धुरकटली, एकाच जागी, तोंडाच्या उंचीवर. धुरकटायची, निवळायची, पुन्हा धुरकटायची.

“भाऊजी, एसी जरा कमी करा.”

“बंद आहे तो.”

“मग थांबवा. मी चालत येतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय मला.”

घरी पोचल्यावर त्याने गाडीच्या आधीच्या मालकाला फोन लावला. फोनवरून प्रसन्न आवाज आला : “अहो, गाडी एकदम मस्त. मागची सीट तर नव्यासारखी आहे की नाही? आमच्याकडे मागे बसायला कुणी तयारच नसायचं.”

गाडी विकून टाकावी, हे कोणालाही सुचले असते. मायक्रॉनना सुचले नाही, कारण दरम्यान एक गोष्ट घडू लागली होती. गाडीत बसले की दोघेही सभ्य होत. “काच जरा खाली घेता का?” “हो, घेतो की. वारा लागतोय का तुला?” असले संवाद त्या घरात नवे होते. घरात ठिणगी पडली की पत्नीच म्हणे, “चला, गाडीत बसून बोलू.” मग जाग्यावर उभ्या गाडीत, खालच्या आवाजात, एकेक मुद्दा निकालात निघे. बॅग मात्र तिने डिकीतून काढली नव्हती. मायक्रॉननीही विषय काढला नव्हता.

आणि एके सकाळी कंपनीचा संदेश आला. ह्या बनावटीच्या सर्व गाड्या परत बोलावल्या होत्या. मागच्या सीटखालच्या सेन्सरमध्ये दोष होता, तो फुकट बदलून मिळणार होता.

“बघ!” मायक्रॉन आनंदाने उभेच राहिले. “सेन्सर! कंपनीनंच कबूल केलं!”

“म्हणजे ते नाहीतच?”

“कधीच नव्हते.”

“बरं,” पत्नी म्हणाली. “ दुरुस्त झाली की मला तिथूनच बहिणीकडे सोडा. आता मध्ये कोण आहे आपल्या?”

मायक्रॉनचा आनंद जागच्या जागी विझला. संदेश पुसून टाकला असता तर कोणाला कळणार होते? त्यांनी अंगठा तसा नेलाही. परंतु दोष ठाऊक असताना माल पुढे सोडणे त्यांना जन्मात जमले नव्हते. ती मागे बसली, अपघात झाला आणि मेहुण्यासारखेच गाडीने तिलाही मोजले नाही तर? त्यांनी दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली.

सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागार बाईंनी दुपारपर्यंत तिन्ही सीटांचे सेन्सर बदलून दिले आणि किल्ली देताना सहज विचारले, “काका, तुम्हाला काय त्रास व्हायचा?”

“कुणी नसताना माणूस दाखवायची.”

बाईंच्या कपाळाला आठी पडली. “नाही हो, तो हा दोष नाही. ह्या गाड्यांना बसलेला माणूस कळत नव्हता. म्हणून तर परत बोलावल्यात.”

“म्हणजे कमी मोजायच्या?”

“कमीच. जास्त मोजल्याची एकही तक्रार नाही आमच्याकडे.”

मायक्रॉननी मान डोलावली, पण ती जरा जास्त वेळ डोलत राहिली. पत्नी पुढे येऊन बसली होती. त्यांनी बटण दाबले. क्षणभर काहीच झाले नाही. पडदा काळा होता, गाडी गप्प होती आणि पत्नी सरळ समोर पाहत होती.

“बहिणीकडे ना?” त्यांनी विचारले.

टिंग. टिंग. टिंग.

मागील सीट, प्रवासी तीन. कृपया पट्टे लावावेत.

काचेवर वाफ धरली. आधी डावीकडे, नेहमीच्या उंचीवर. मग उजवीकडे. मधल्याला काच नव्हती.

मायक्रॉन उतरले. त्यांनी एकामागून एक तिन्ही पट्टे लावले. मधला पट्टा अगदी थोडा लागला. लहान मुलाला लागावा इतका. तिथे त्यांचे हात घटकाभर थांबले. मग परत येऊन ते सुकाणू धरून बसले.

“गाडीच कमी मोजत होती. तेव्हाही होतेच तर सगळे,” पत्नी हलक्या आवाजात म्हणाली. “आणि आपण काय काय बोललो त्यांच्यासमोर!”

“बहिणीकडे...”

“एवढ्या जणांना घेऊन तिच्या दारात? घरी चला.” मग मागे वळून, पाहुण्यांशी बोलावे तशी, ती म्हणाली, “नीट बसलात ना सगळे?”

एवढे जण म्हणजे नेमके किती आणि मुळात जण म्हणावे का, हे दुरुस्त करायला मायक्रॉननी तोंड उघडले होते. त्यांनी ते मिटले. “चल,” ते म्हणाले, आणि गाडी घराच्या रस्त्याला लावली.

त्या दुपारपासून आजतागायत त्या गाडीत झालेली भांडणे : शून्य.