नोटीस वाचायची कोणी?

राजीनाम्याचं पत्र लिहायला प्रभाकरपंत टिपणीसांना दहा मिनिटं लागली. ते द्यायचा दिवस ठरवण्यात सव्वादोन वर्षं गेली, आणि इतकं करून घोळ व्हायचा तो झालाच.

पंत कल्याणच्या बंदरावर दामाजीशेठच्या कौलांच्या वखारीत कारकून होते. कारकून एकटेच. दामाजीशेठ खाडीकाठच्या कोळीवाड्यातला माणूस. तरुणपणी होडी वल्हवली, मग दुसऱ्याची कौलं वाहिली, मग स्वतःची वखार घातली. कौलावर बोटाने टिचकी मारून त्याची भाजणी कच्ची की पक्की ते सांगायचे, आणि ते कधी चुकल्याचं कोणाला आठवत नाही. अक्षरांशी मात्र त्यांची ओळख नव्हती. सही तेवढी पंतांनी शिकवली होती, तीही शेठ अशी काढायचे की पाहणाऱ्यालाच घाम फुटावा. त्यामुळे सकाळी टपाल आलं की पंतांनी ते मोठ्याने वाचायचं, शेठनी डोळे मिटून ऐकायचं, मग ते सांगतील तसा जबाब पंतांनी लिहायचा, हा सत्तावीस वर्षांचा शिरस्ता होता. एकदा पंत तापाने अंथरुणाला खिळले, तर शेठ टपालाचा गठ्ठा घेऊन पारनाक्यावर त्यांच्या घरी आले आणि उशाशी बसून पत्रं ऐकून गेले.

अशा माणसाला नोटीस द्यायची म्हणजे काय, हे सुमतीबाईंना पटवून देता देता पंत थकले होते. सुमतीबाईंचं म्हणणं साधं होतं. तुळशीचं लग्न आटोपलं की पाठाऱ्यांची यात्रा कंपनी काशीला निघते, प्रयाग, गया करून दोन महिन्यांनी परतते. ती दोन वर्षं त्यांच्यावाचून निघाली होती.

"रजा मागा म्हणत नाही मी," त्या म्हणाल्या. "अठ्ठावन्न वर्षं झाली तुम्हाला. आता पुरे. नोकरीच सोडा म्हणते."

"अगं, पण मी गेलो तर त्या माणसाला टपाल कोण वाचून दाखवणार?"

"तुम्ही नव्हतात तेव्हा कोण दाखवायचं?"

"तेव्हा त्यांना टपाल येत नव्हतं."

सुमतीबाईंनी यावर कपाळाला हात लावला. पण पंतांचा दोष तरी किती म्हणावा? पहिल्या वर्षी त्यांनी चार वाक्यं पाठ केली होती, आणि ती म्हणायच्या दिवशी सकाळीच शेठकडून परातभर पापलेटं आली. टिपणीसांचं घर कायस्थाचं. पापलेटाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. "आजचा दिवस राहू दे," असं त्या वेळी खुद्द सुमतीबाईच म्हणाल्या होत्या, आणि त्या एका दिवसात यात्रा निघून गेली. दुसऱ्या वर्षी नव्या शेडवर कौलं चढली, आणि नारळ फोडायचा मान शेठनी पंतांना दिला. नारळ फोडून झाल्यावर त्याच हाताने राजीनामा देणं पंतांना शोभेना.

तिसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास, सुमतीबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "तोंडाने जमत नसेल तर लिहून द्या. हातात देववत नसेल तर पोस्टात टाका. पण या वर्षी मी जाणार, तुमच्यासह किंवा तुमच्यावाचून."

पोस्टाची युक्ती पंतांना एकदम पटली. टपालाने गेलं म्हणजे समोर उभं राहायला नको, आणि रजिस्टर केलं म्हणजे कायद्याने पक्कं. त्यांनी मोठ्या पोस्टात जाऊन पत्र रजिस्टर केलं, पावती खिशात घातली आणि कित्येक वर्षांत चालले नव्हते इतके हलके पाय टाकत घरी आले.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन वखारीत आला आणि नेहमीप्रमाणे पंतांच्या टेबलापाशी उभा राहिला.

"पंत, रजिस्टर आलंय. इथं सही करा."

"कोणाकडून?" पंतांनी सवयीने विचारलं.

पोस्टमनने पाकीट उलटंसुलटं केलं. "पाठवणार प्र. वि. टिपणीस." मग त्याने पंतांकडे पाहिलं. "तुमचंच दिसतंय."

"दिसतं खरं," पंत म्हणाले आणि त्यांनी सही केली. वखारीत आलेलं प्रत्येक पाकीट सत्तावीस वर्षं आपणच फोडतो, आपणच वाचतो आणि त्याला जबाबही आपणच लिहितो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती सही वाळत असताना.

शेठ आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. पंतांनी आधी मंगलोरचं पत्र वाचलं, मग मुरबाडच्या एका शाळेचं वाचलं. शाळेला पाच हजार कौलं हवी होती. मग रेल्वेचं वाचलं, ते दोनदा वाचलं. शेवटी एकच पाकीट उरलं.

"त्यान काय हाय?" शेठनी डोळे न उघडता विचारलं.

पंतांनी घसा साफ केला आणि दुसऱ्याच कोणाचं वाचावं तशा आवाजात सुरुवात केली. "महाशय, मी आपल्या वखारीत सत्तावीस वर्षे चाकरी केली. वयोमानाप्रमाणे शरीर थकले असून यापुढे काम झेपणे कठीण दिसते. तरी आजपासून एक महिन्याने..."

"थांब." शेठनी डोळे उघडले. "यो कोन थकला?"

आता खालचं नाव वाचायचं, की सुटलो. पंतांनी तोंड उघडलंही. पण शेठचं डोकं त्यांच्या जिभेपेक्षा जलद चालायचं.

"सत्तावीस वरसा माज्याकरं दोगंच. तू नि नाथा. तू काय मना कागद धाडशील? तू तं हातभरावं बसलास. म्हंजे नाथाच."

नाथा म्हणजे कौलं उतरवणाऱ्या माणसांचा मुकादम. त्याचा उजवा खांदा हल्ली धरायचा, हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं.

"पन नाथाला लिवता कवा आला?" शेठना शंका आली.

"कोणाकडून तरी लिहून घेतलं असेल," पंत बोलून गेले.

"कोनाकरना?"

"अक्षर ओळखीचं वाटतं," पंत म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

 शेठना वाईट वाटलं होतं, आणि ते त्यांनी बोलून दाखवलं. "तोंडानं सांगाला काय झाला व्हता त्याला? मी काय सरकार हाय, रजिस्टर कागद धाडतो तो? जाव दे. जबाब लिव. महिन्यानं मोकला. शेठ खुशीनं सोरतंय आसा लिव. जाताना धोतरजोरा नि नारल देवाचा."

एवढं झाल्यावर 'शेठ, तो मी' असं म्हणायला जो माणूस लागतो तो पंत नव्हते. त्यांनी जबाब लिहायला घेतला. खोटं नाव घालणं त्यांच्या लेखणीला जमेना, म्हणून वर 'श्री. प्र. वि. टिपणीस यांस' असंच लिहिलं, खाली मजकूर घातला आणि कागद शेठसमोर ठेवला. शेठनी घाम गाळून सही केली. पंतांनी मूळ पत्र टपालाच्या तारेला टोचलं आणि जबाब घडी करून आपल्याच खिशात घातला. कायद्याने सगळं यथास्थित झालं होतं. नोटीस दिली गेली, मालकाने ऐकली, सहीनिशी मंजूर केली. मंजूर कोणाची केली हे मालकाला ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती उणीव होती.

घरी सुमतीबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. "दिली?"

"दिली."

"मंजूर?"

पंतांनी खिशातला कागद काढून दाखवला. सुमतीबाईंनी तो दोनदा वाचला आणि देवापुढे ठेवला. "काय म्हणाले शेठ?"

"धोतरजोडी द्यायची म्हणाले."

"बघा. उगीच घाबरत होतात." त्याच संध्याकाळी त्यांनी पाठाऱ्यांकडे जाऊन दोघांची नावं घातली आणि येताना वाटेतल्या पाच घरी सांगून आल्या. दुसऱ्या दिवशी मेतकुटाचं दळण दिलं. तुळशीला पाणी घालायचं काम शेजारच्या सरोजला लावून दिलं. पंत हे सगळं पाहत होते. एकदा शेठना सांगायला हवं, हे त्यांना कळत होतं. महिना आहे अजून, असं ते मनाला सांगत होते.

रविवारी सकाळी नाथा दारात आला. कधी नव्हे तो डोक्याला रुमाल बांधून आला होता.

"पंत, मना शेठनं परवा बोलावला. पाठीव हात फिरवला नि बोलला, नाथा, तुजा कागद मंजूर. मी बोललू, कंचा कागद? तं बोलला, लाजू नको."

पंतांनी त्याला आत बसवलं. नाथा बसेना.

"मी कागद नाय धाडला, पंत. माजा खांदा दुखतं, त काय झाला? दुसरा हाय ना. घरान बसून मी काय करू? माजी बायको मनुबाई बोलते, तू दिसभर घरान बसशील तं मी म्हायेरी जातंय. साठ वरसांची बाई म्हायेरी जाईल आता."

"तू शेठना सांगितलं नाहीस?"

"सांगला ना. ते बोलतान कागद हाय. कागदाफुरं मी काय बोलू?" नाथाने हात जोडले. "तुमी लिवा ना शेठला येक कागद. नाथानं कागद लिवला नाय म्हनून. तुमी लिवला म्हंजे ते आयकतील."

तो कागदही उद्या टपालात येईल, आपणच तो फोडू आणि आपणच वाचून दाखवू, हे पंतांना लख्ख दिसलं. नाथाचा रडवेला चेहराही दिसत होता. त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली.

"अहो, नाथाचा कागद म्हणजे कोणता?" सुमतीबाईंनी आतून विचारलं.

"आल्यावर सांगतो," म्हणून पंत निघाले.

रविवार असला तरी शेठ वखारीतच होते, कौलांच्या थप्पीजवळ. नाथाला दाराशी थांबवून पंत पुढे गेले आणि सव्वादोन वर्षांत जे जमलं नाही ते एका दमात म्हणून मोकळे झाले. "शेठ, ते पत्र नाथाचं नव्हे. माझं आहे. मला नोकरी सोडायची आहे."

"ठाव हाय," शेठ म्हणाले.

ते कचेरीत गेले, तारेवरचं पत्र काढलं आणि शेवटच्या ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं, "प्र. वि. टिप... टिपनीस." मग पंतांकडे पाहिलं. "सही करताना वर बघला नाय, काल सांजचा वाचला. कोनाकरना लिवून घेतला ते बघावा म्हनून. आज तू येतोस का नाय, त्याची वाट बघत व्हतू."

पंत खाली बसले. "तुम्हाला वाचता येतं?"

"नीलाच्या पाटीवं शिकलू. माजी नात. दोन वरसा झाली."

"आणि मी रोज वाचत होतो ते?"

"आयकाला बरा वाटं," शेठ म्हणाले. "नि मना वाचता येतं आसा सांगला आसता, तं तुना वाटला आसता मी तुना कामावरना काराला बघतंय."

 शेठ जरा घुटमळले. मग त्यांनी कमरेची किल्ली काढून पेटी उघडली आणि तळातून एक घडी केलेला कागद काढला. "आता तोंडानं बोललास, तं यो पन वाच."

कागद पेन्सिलीने लिहिलेला होता, अक्षरं बोराएवढी. पंतांनी तो सवयीने मोठ्यानेच वाचला. "पंतास रामराम. तुमी आता दमला. घरी सुखानं बसावा. माज्या धाकल्या पोराला राघोला ठान्याला येष्टीत नोकरी लागते हाय पन आपली वखार सोरून त्याला दुसरीकरं धाडावा आसा वाटत नाय. तुमच्या खुर्चीवं त्याला बसवावा म्हंतो. राग नसावा. दामाजी." वर तारीख होती, दोन वर्षांपूर्वीच्या नारळी पौर्णिमेची.

"दिलं का नाहीत?"

"हातान देवाचा धीर नाय झाला. पापलेटां धाडली त्या दिवशी देनार व्हतू. मंग नवी शेर बांधून झाली तवा नारल तुज्या हातान दिला, बोललू आता सांगू. तवा पन नाय जमला." शेठ थप्पीकडे पाहत म्हणाले. "पोष्टान टाकला आसता, तं तूच फोरून मना वाचून दावला आसतास. राघो दोन वरसा येष्टीत तिकिटा फारतंय, पंत. तुजी खुर्ची खाली व्हईना."

पंतांना वाईट वाटलं. आपल्यावाचून ज्याचं अडेल म्हणून आपण थांबलो, तो आपण जाऊ म्हणून थांबला होता. राग आला असता तर बरं झालं असतं, पण रागावण्यासारखं शेठनी काहीच केलं नव्हतं. तेवढ्यात दाराशी उभ्या नाथाने विचारलं, "मंग मी उद्या कामाव यव का नको?"

"ये," शेठ म्हणाले.

"नि धोतरजोरा?"

"तो पन घे. पंताला दुसरा आनू."

दुपारी पंत घरी आले तेव्हा सुमतीबाई वळकटीला दोरी आवळत होत्या. पंतांनी सगळं सांगितलं, काही न वगळता सांगितलं, पाटीपासून पेन्सिलीच्या कागदापर्यंत.  पंत थांबल्यावर सुमतीबाईंनी दोरीची गाठ मारली, ती ओढून पाहिली आणि विचारलं, "तारीख काय म्हणालात त्या कागदावर?"

"नारळी पौर्णिमा. दोन वर्षांपूर्वीची."

"म्हणजे दोन्ही वर्षी तुम्ही मोकळे होतात."

"तसं म्हटलं तर, हो."

"तुम्ही त्यांना दुखवलं नाही, त्यांनी तुम्हाला दुखवलं नाही. काशी तेवढी माझी चुकली, दोनदा."

पंत उरलेला महिना रोज वखारीत गेले आणि त्यांनी रोज टपाल वाचलं. शेठ डोळे मिटून ऐकत. राघो शेजारी स्टुलावर बसून काम शिकत होता. तुळशीच्या लग्नानंतर यात्रा निघाली. सुमतीबाई खिडकीपाशी बसल्या आणि गाडी मोगलसराईला येईपर्यंत पंतांशी बोलल्या नाहीत. तिथे बोलल्या, पण तेही चहा सांगा म्हणून.