टोमॅटोच्या वाफ्यातला खांब

सरळ कुंपण घालायला ना दोरी लागते, ना नजर; डोकं असलं की पुरतं! असं मी सासऱ्यांना ठणकावून सांगितलं, तेव्हा लंगड्या मेंढीकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

आमचे सासरे वॉली पास्को म्हणजे चार शब्दांत दिवस काढणारा माणूस. सासूबाई गेल्यापासून तेवढेही लागत नव्हते. वणव्यात त्यांचं शेजारच्या हद्दीवरचं कुंपण जळालं. उरले दोन टोकांचे दोन खांब, आणि मध्ये टेकडी. या खांबापाशी उभं राहिलं की तो दिसत नाही. मधला खांब नेमका कुठे रोवायचा?

मी गावच्या शाळेत गणित शिकवतो. असली संधी सोडतोय होय? फाटकापासून पूर्वेचं अंतर क्ष, उत्तरेचं य, दहा मीटरचा एक घटक. टोकांच्या खांबांवरून रेषेचं समीकरण काढलं: य बरोबर दोन क्ष अधिक एक. आता कुठलाही बिंदू घ्या आणि किमती घाला. दोन्ही बाजू जुळल्या तर बिंदू रेषेवर, नाही जुळल्या तर बाहेर. पूर्वेला तीन, उत्तरेला सात घेऊन बघितलं. तीन दुणे सहा आणि एक सात. जुळलं! सासऱ्यांना एवढंच बजावलं, की मी आकडे सांगेन ते आधी पूर्वेचा, मग उत्तरेचा.

आणि दुसऱ्या दिवशी दोन तासांच्या मधल्या घाईत फोनवर सांगून मोकळा झालो, "सात, तीन."

संध्याकाळी बायकोचा, ग्लेनिसचा, शाळेत फोन. बाबा आयव्हीबाईंच्या परसात खड्डा खणतायत म्हणे.

मी गार पडलो. आयव्ही नोस्के म्हणजे शेजारीण. चार वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या मेंढ्याने तिचं लसूणघासाचं रान साफ केलं, तेव्हापासून बोलणं बंद. चर्चमध्येसुद्धा दोघं दोन टोकांना बसत. आता हद्दीवरून भांडण पेटणार, आणि काडी लावणारा मी!

गाडी दामटत पोचलो. टोमॅटोच्या वाफ्याच्या ऐन मध्यावर भलामोठा लाकडी खांब, बुडाशी ओलं काँक्रीट, आणि कमरेवर हात ठेवून आयव्हीबाई. सासरे पहार टेकून, मान खाली घालून उभे.

मी धावत जाऊन माफी मागितली. नुसती माफी मागून थांबलो असतो तर मास्तर कसला! तिथेच मातीत काडीने समीकरण लिहिलं. क्ष सात घातला तर य पंधरा यायला हवा. इथे तर तीनच आहे. म्हणजे हा बिंदू रेषेवर नाही, हे सिद्ध झालं.

आयव्हीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "माझ्या टोमॅटोंना हे समीकरणाशिवाय कळलं होतं," त्या म्हणाल्या. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, की उन्हाने तोंड लाल झालंय, आत येऊन चहा तरी घे.

सासरे गेले. मला कोणी बोलावलं नाही. मी खांब हलवून बघितला. काँक्रीट घट्ट होत चाललं होतं. स्वयंपाकघरातून आधी नुसता कपांचा आवाज आला, मग आयव्हीबाईंचं हसणं, आणि मग, माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना, सासऱ्यांचं लांबलचक बोलणं.

अंधार पडताना ते बाहेर आले. हातात बशी, बशीत केकचा तुकडा. मी पुन्हा सुरू केलं, की चूक सर्वस्वी माझी, उलटे आकडे मीच सांगितले.

"मास्तर," ते म्हणाले, "माझा जन्म गेला या जमिनीवर. टोमॅटोच्या वाफ्यातून कुंपण जात नाही, एवढं मला दिसत नव्हतं का? चार वर्षं त्या दारात जायला निमित्त शोधत होतो. तू फोनवर दिलंस."

त्यांनी केक माझ्या हातात ठेवला आणि टोपी नीट केली.

"आता पुढच्या खांबाचे आकडे दे," ते म्हणाले. "आणि हे बघ, फार तपासत बसू नकोस."