जीपची दाढी

रंगनाथअण्णा स्वतःची दाढी महिन्यातून एकदा करतात, जीपची मात्र रोज. नागापूर एमआयडीसीच्या मागच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड आहे. तिथे एका वाटीत साबण घोटून, दाढीच्या ब्रशने ते गाडीखालच्या हवेच्या नळीला जोडाजोडाशी फेस लावत बसलेले दिसतील. बुडबुडा आला की हवा गळतेय. "हवा लई चुगलखोर हाय साहेब. बारीक फट दिसली की निघालीच भाईर!"

डोंगरात गाडी अडकली की एक चाक नुसतं गरगरतं आणि दुसरं ढिम्म राहतं. हवेच्या दाबाने ही दोन्ही चाकं एकत्र बांधणाऱ्या यंत्राला लॉकर म्हणतात. कॉम्प्रेसर, वायरी, बटणं आणि निळी नळी असा त्याचा सगळा संसार अण्णा बसवतात. बसवताना शेडमधला पंखा बंद आणि रेडिओ बंद, कारण त्यांना गळती ऐकायची असते. शेवटी कुठलं बटण आधी दाबायचं याची गिऱ्हाइकाची परीक्षा! "आदी हवा, मग चाक. म्हना." माझ्या जीपला लॉकर बसवला तेव्हा, मी एका कारखान्यात खरेदी अधिकारी, तरी पाढ्यासारखं म्हटलं. पाच वेळा.

नळी ते चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, वरच्या अंगाने नेतात आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधतात. "हितून हलवू नका," एवढं एकच त्यांनी बजावलं होतं.

एका रविवारी मी आणि माझे दोन मित्र तीन जीपा घेऊन डोंगरगणच्या बाजूला गेलो. माझी बारा वर्षांची मुलगी सई शेजारी बसली होती. चढावर चिखलात गाडी रुतली. मी ऐटीत बटणं दाबली. खालून फुस्स आवाज आला आणि एकच चाक फिरत राहिलं. मित्र हसले. सईपण हसली.

मी अण्णांना फोन केला. तासाभरात ते लुनावर आले. त्यांना बघताच माझं डोकं फिरलं. "दाढ्या करत बसता दिवसभर, आणि एक नळी धड बसवता येत नाही?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

अण्णा गाडीखाली गेले. बराच वेळ खालीच होते. बाहेर आले तेव्हा पाठ चिखलाने भरली होती. "चुकलं माझं साहेब. नळी सायलेन्सरला टेकून वितळली," असं म्हणून त्यांनी नवी नळी टाकली. गाडी वर चढली. माझे दोन्ही मित्र अण्णांकडे लॉकर बसवून घेणार होते, त्यांनी तिथल्या तिथे बेत रद्द केला.

पंधरा दिवसांनी हॉर्न वाजेना म्हणून मी गाडीखाली शिरलो. तो प्रेशर हॉर्न लॉकर बसवल्यावर मी हौसेने स्वतःच बसवला होता. सायलेन्सरजवळ प्लॅस्टिकची पांढरी पट्टी लोंबत होती. कात्रीने कापलेली, तिला वितळलेल्या निळ्या नळीचा तुकडा चिकटलेला. पट्टी माझी होती. हॉर्नला जागा व्हावी म्हणून नळी खाली ओढून मीच बांधली होती आणि साफ विसरलो होतो. पट्टी अण्णांनीच कापली असणार. म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आठ दिवस मी अण्णांची शेड टाळून कारखान्यातून दुसऱ्या रस्त्याने घरी गेलो. मग एका दुपारी शेडमध्ये जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, ती नळी मी..."

"म्हाईत हाय."

"मग बोलला का नाहीत?"

ते पाना शोधायला लागले. "पोरगी हुती ना संगं. तुमच्याकडं बघत हुती." पाना समोरच पडला होता. "माझ्या लेकीसमोर येकदा मालकानं मला असंच झाडलं. आठवीत हुती. रोज डबा घिऊन यायची. त्या दिसापासनं आली न्हाई. आता सासरी हाय. फोन करती, पन कामाचं कदी इचारत न्हाई."

मी तो पाना उचलून त्यांच्या हातात दिला.

घरी जाऊन सईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तू ओरडलास सगळ्यांसमोर. आता सांग पण सगळ्यांसमोर."

पुढच्या रविवारी पुन्हा तिन्ही जीपा जमल्या. आधी मी स्पीकरवर अण्णांना फोन लावला. म्हटलं, "या ना इथे. मला सगळ्यांना खरं काय ते सांगायचंय."

"नगं साहेब," ते घाईघाईने म्हणाले. "आज नगं. पोरगी आली असंल ना संगं?"

सई माझ्या शेजारीच उभी होती. मित्र माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली आणि सांगायला सुरुवात केली.