बाबा चालले, त्याचा पुरावा

"ताई, भांडायचं कशाला? आपण मोजू!" धाकटीने छातीठोकपणे सांगितलं.

खाली राहणाऱ्या थोरल्या जावेचं म्हणणं, वरच्या वॉशिंग मशीनने तिच्या छताला तडा गेला. धाकटी कारखान्यात मोटारींची थरथर तपासायची. प्रोग्रॅमिंग आपलं आपण शिकलेली, त्यामुळे तोरा जरा जास्तच! तिने थरथर नोंदवणारा एक सेन्सर मशीनला चिकटवून चालू केला. मग खाली जाऊन थोरलीशी यथेच्छ वाद घातला, नवऱ्याने शिडी शोधून आणल्यावर दुसरा सेन्सर छताला लावून चालू केला, आणि वर येऊन मशीन सुरू केलं.

लॅपटॉपवर दोन्ही नोंदी एकाखाली एक आल्या मात्र, धाकटी ओरडलीच, "बघा! छत आधी हललंय! मशीन मागाहून सुरू झालंय!"

"अगं, मशीन घरघरलं तेव्हाच हललं. मी खाली उभी होते ना!"

"ताई, कानांचं काय घेऊन बसलात? आलेख बघा!"

थोरलीने आलेख पाहिला. "मग हलवलं कुणी? तेव्हा तू माझ्याशी वाद घालत होतीस. भावजी शिडी शोधत होते. वर होतं कोण?"

वर होते फक्त बाबा, म्हणजे सासरे. आजारपणापासून खुर्चीतून उठायलासुद्धा त्यांना सांभाळणाऱ्या बाईचा आधार लागायचा.

नवऱ्याचा चेहरा खुलला. "म्हणजे बाबा चालतात! छत हलवण्याइतके चालतात!"

"आणि आपल्यासमोर नाटकं!" थोरली म्हणाली.

बाबांनी शांतपणे मान डोलावली. "यंत्र म्हणतंय तर चाललो असेन. मलाही कुणीतरी कळवायला हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून बाई बंद! बाबांनी पाणी मागितलं की नवरा दारातूनच म्हणे, "बाबा, कुणी बघत नाहीये. उठा!"

पुढच्या आठवड्यात कारखान्यात दोन मोटारींच्या नोंदी जुळवताना धाकटीचे हात एकदम थांबले. ज्या लायब्ररीतून, म्हणजे आयत्या प्रोग्रॅममधून, ती या नोंदी वाचायची, तिला प्रत्येक नोंद किती वाजता सुरू झाली हे सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर ती बापडी प्रत्येकीची सुरुवात शून्य धरते आणि सगळ्या एकाच क्षणी सुरू झाल्यासारख्या मांडते. घरच्या नोंदींना धाकटीने वेळ दिलीच नव्हती! आलेखात छत हललं, तेव्हा छताचा सेन्सर तिच्या पर्समध्ये पडलेला होता!

संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर वेळा घातल्या. खालची नोंद सरकली आणि मशीनच्या थरथरीखाली बरोब्बर जाऊन बसली.

"मी सांगतच होते!" थोरली म्हणाली. "उद्याच्या उद्या मशीन हलवा."

"हो ताई. आणि बाईलाही परत बोलावू."

"ते कशाला?" नवरा म्हणाला. "तू आकडा बदललास म्हणून बाबांचे पाय बदलले? पहिला आलेख शास्त्र होतं. हा सुनेची माया आहे."

थोरली पदर खोचून उठली. तिचं छत खरं ठरलं होतं, तिचं भागलं होतं. ती आणि नवरा मशीनला नवी जागा बघायला गेले.

बाबा खुर्चीतून लॅपटॉपकडे टक लावून बघत होते.

"सूनबाई, आकडा बदलला की सगळं बदलतं?"

"आलेखात बदलतं, बाबा."

"मग असा एखादा टाक, की मी न्हाणीघरात जाऊन आलोय." त्यांनी मान खाली घातली. "आणि जरा लवकर टाक!"