वाढत्या अंगाची रायफल

काशीतल्या दूधविनायकच्या आमच्या मराठी मंडळाला मुलांच्या नेमबाजीवर्गाचा परवाना तिसऱ्या वर्षी मिळाला. ‘आता रायफल निवडण्याचे किरकोळ काम उरले आहे,’ अशी नोंद इतिवृत्तात झाली.

घाई होती ती वर्गातल्या अकरा वर्षांच्या मुक्ताला. बारा वर्षांखालच्या गटाची स्पर्धा माघात, आणि चैत्रात तिला बारा वर्षं पूर्ण होणार. म्हणजे हीच शेवटची संधी.

प्रशिक्षक कुशल रेल्वेत नोकरीला, मोजकं बोलणारा. “पॉइंट टू-टू बोअरची घ्या. हलकी, आखूड दस्त्याची. मुलांच्या खांद्याला बसली पाहिजे, बस.”

खरेदी समितीत मूल एकही नव्हतं. सदस्याचं वय नियमाप्रमाणे किमान एकवीस. त्यामुळे दुकानातून आलेले छोटी आणि मोठी असे दोन्ही नमुने समितीनेच आपापल्या खांद्याला लावून पाहिले. अध्यक्ष विष्णुपंतांच्या हातात छोटी रायफल पिचकारीसारखी दिसू लागली.

“एवढीशी?” समितीतल्या शरदिनीकाकू म्हणाल्या, “दोन वर्षांत आखूड होईल हो. वाढत्या अंगाची घ्या!”

या युक्तिवादाला मराठी घरात आजवर उत्तर सापडलेलं नाही. मोठी रायफल एकमताने मंजूर झाली, छोटी परत गेली.

“काकू, ट्रिगरपर्यंत हातच नाही जात!” मुक्ता रडकुंडीला आली.

“जाईल गं. दूध पी.”

तोवर वर्ग बंद राहू नये म्हणून उपसमिती नेमली गेली. तिने तोडगा काढला : दस्ता वर्गातल्याच निनादच्या खांद्याला, नळी अनिशच्या हातावर आणि मधे उभी राहून मुक्ताने ट्रिगर दाबायचा. नेम उत्तम लागला. फक्त तो कोणाचा, हे ठरेना. आणि स्पर्धेच्या अर्जात नावासाठी ओळ एकच होती.

पौषात रायफलीच्या शुभारंभाचं कीर्तन बालाजी घाटावर झालं. गोपीनाथबुवांना आमच्या भानगडीचा पत्ता नव्हता. त्यांनी बालरामाचं आख्यान लावलं. “दशरथाच्या शस्त्रागारात काय मोठी धनुष्यं नव्हती? पण कौसल्यामाईने आधी बाळाचा दंड वितीने मोजला, आणि मग केवढं धनुष्य करवलं? एवढुस्सं!” झांज थांबली. बुवांनी दोन बोटांत ते धनुष्य असं धरलं, की गंगेकडे पाठ करून बसलेल्या मला ते खरंच दिसलं. विष्णुपंतांनी उपरण्याने डोळे टिपले. काकू तर हुंदके देत होत्या.

मुक्ता उभी राहिली. “बुवा, ते वाढत्या अंगाचं का नाही घेतलं?”

बुवा खळखळून हसले. “अगं, रामाला खेळायचं आज होतं ना!”

समिती विरघळली. तिथेच, मृदंगाच्या साक्षीने, छोटी रायफल मंजूर झाली. मग नवा प्रस्ताव, परवान्यात दुरुस्ती, तीन सह्या, त्यातली एक तीर्थयात्रेला गेलेली.

रायफल आली तेव्हा मुक्ता तेरा वर्षांची होती. तिने दस्ता खांद्याला लावला. मान वाकडी करूनही डोळा नेमावर येईना. मोठी मात्र अजून मोठीच होती.

“बघा,” शरदिनीकाकू समाधानाने म्हणाल्या, “म्हटलं नव्हतं मी, आखूड होईल म्हणून?”

आपण हसलात, आनंद आहे. आता आपल्या घरात ते डॉक्टर-इंजिनिअर वगैरे जे वाढत्या अंगाचं आणून ठेवलंय, ते एकदा पोराच्या खांद्याला लावून बघा. पोराला बोलवायला ठराव लागत नाही.