भिलावेअप्पांचा खटका

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका मुलांनो, कारण तिथले प्राणी अजून हयात आहेत, अस्वलांचं एक कुटुंब राहत होतं. म्हातारे भिलावेअप्पा, त्यांचा मुलगा उंबर, सून करवंदी आणि दोन पिल्लं. पिल्लांची नावं सांगत नाही. हाक मारली तरी ती येत नसत.

घरात एक मोटार होती. ती करवंदी चालवायची. मोटार सुरू झाली की उंबरला झोप लागायची.

मोहाची फुलं पडायचे दिवस आले. मोह सगळा घाटाखाली. अस्वलं दरवर्षी तिकडे मुक्कामाला जात. यंदा उंबरने चाकांवरची एक खोलीच आणली. आत खाटा, चूल, पाण्याचं पिंप. मोटारीच्या मागे जोडायची आणि निघायचं.

करवंदीने खोलीभोवती एक चक्कर मारली.

"घाट उतरताना ही थांबणार कशी?"

"मोटार थांबली की थांबेल," उंबर म्हणाला.

"मोटार थांबेल. ही मोटारीवर येऊन बसेल."

मग साळिंदर मिस्त्रीला बोलावलं. मोठा नावाजलेला मिस्त्री. कुठेही भोक पाडायला मिळालं की स्वारी खूश.

"वहिनी, खोलीच्या चाकांना विजेचे ब्रेक आहेत," तो म्हणाला. "पण कधी लागायचं ते त्यांना कळायला नको? त्यासाठी मोटारीत ही डबी बसवायची. कंट्रोलर म्हणतात हिला. तुम्ही पायाने ब्रेक दाबलात की हिच्यातून वीज मागे जाते, आणि खोलीची चाकंही धरतात. शिवाय हा खटका. हाताने ओढला की नुसती खोली धरते. अडीअडचणीला."

"कुणाच्या हाताने?" मागून आवाज आला.

भिलावेअप्पा काठी टेकत पुढे आले. "या घरात ब्रेक लावायचं काम आजवर कुणी केलं?"

उंबरने मान डोलावली. खरंच होतं ते. उंबरचं गाणं अप्पांनीच थांबवलं होतं. करवंदीचा मधाचा धंदाही त्यांनीच.

"तर मग खटका माझ्या बाजूला बसवा."

साळिंदराने करवंदीकडे पाहिलं. करवंदीने जमिनीकडे पाहिलं. साळिंदराला काय, भोक इकडे पाडलं काय नि तिकडे!

स्वारी निघाली. वेशीवरचं वडाचं झाड यायच्या आतच अप्पांनी खटका ओढला. खोलीने मागून हिसका दिला.

"मामंजी, रस्ता मोकळा आहे."

"म्हणूनच ओढला. मोकळ्या रस्त्यावरच अस्वल वाहवतं."

वळण आलं, अप्पांनी खटका ओढला. वळण गेलं, पुन्हा ओढला. रस्त्याकडेला एक ससा हसताना दिसला, तेव्हा तर बराच वेळ ओढून धरला.

"आजोबा, काहीतरी जळतंय," एक पिल्लू म्हणालं.

"शिस्तीचा वास आहे तो," अप्पा म्हणाले.

घाट सुरू झाला. उतार लागला. करवंदीने ब्रेक दाबला. मोटार धरली, खोली धरेना. तिचे ब्रेक घासून घासून इतके तापले होते की त्यांच्यात जीवच उरला नव्हता. खोली मोटारीला मागून ढकलू लागली.

"मामंजी, आता ओढा!"

अप्पांनी दोन्ही पंजांनी ओढला. काहीच झालं नाही. अप्पांनी थांबवलं आणि थांबलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

करवंदीने खालचा गिअर टाकला. इंजिन किंचाळलं. पुढच्या वळणावर चितळांचा कळप रस्ता ओलांडत होता. तिने हॉर्न दाबला. चितळं उभी राहून बघू लागली. मोटारीत मागे तिची स्वतःची पिल्लं होती. डावीकडे गव्यांची चिखलात लोळायची जागा होती. तिने डोळे मिटले नाहीत, चाक डावीकडे फिरवलं.

फच्च!

खिडकीपर्यंत चिखल. मग सगळं शांत.

"परत! परत!" पिल्लं ओरडली.

"आलं का?" उंबरने जागं होत विचारलं.

अप्पा तसेच बसले होते, खटका घट्ट धरून. करवंदीने बोलायचं ठरवलेली चार वाक्यं गिळून टाकली.

साळिंदर आला. त्याने खोलीचे ब्रेक नवे केले. "वहिनी, आता खटका तुमच्याकडे घेतो."

"घ्या. पण मामंजींचा काढू नका."

"एका डबीला दोन खटके चालत नाहीत हो."

"मी कुठे म्हणते चालायला हवा?"

साळिंदर आधी गोंधळला. मग त्याचे सगळे काटे हसले. त्याने अप्पांसमोर आणखी एक डबी बसवली. पहिलीपेक्षा मोठी, चकचकीत. खटका ओढला की तिच्यावर हिरवा दिवा लागायचा. तिची वायर दिव्यापर्यंत जायची आणि तिथेच संपायची.

मोहाचा हंगाम आटोपून कुटुंब परत निघालं. अप्पा खटका ओढत होते, दिवा लागत होता. खरा ब्रेक करवंदीच्या पायाखाली होता. वाट छान सरत होती.

"पाहिलंस सूनबाई? हलक्या हाताने ओढायचा असतो," अप्पा म्हणाले. "त्या दिवशी मला सवय नव्हती."

चूक कबूल केल्यासारखं अप्पा जन्मात पहिल्यांदाच बोलले. करवंदीला कसंसंच झालं. पुढच्या वेळी दिवा लागला, तेव्हा कारण नसतानाही तिने ब्रेक हळूच दाबला.

साळिंदराच्या पोटात काही राहत नसे. चार दिवसांत सिंहाचा प्रधान, कोल्हा, अस्वलांच्या दारी आला.

"करवंदीबाई, अप्पांसारखी डबी आणखी एक मिळेल?"

"तुमच्या मोटारीला?"

"छे छे, दरबाराला. महाराजांना हवी आहे." कोल्ह्याने इकडे तिकडे पाहिलं. "म्हणजे, त्यांना अजून ते माहीत नाही."

"दिवा कुठल्या रंगाचा लावू?"

"सगळ्या रंगांचे लावा," कोल्हा म्हणाला.

तात्पर्य: वडीलधाऱ्यांच्या हातातली सत्ता कधीही काढून घेऊ नये. फक्त वायर काढावी.